तिसरी हाक

माझा भाचा टेक्सासात असतो. जानेवारी २०२५मध्ये तो पंधरा दिवस लखनौला आला होता. जाताना त्याने माझ्या हातात एक लहानशी डबी ठेवली. आत अक्रोडाच्या लाकडाची बोटभर शिट्टी होती. "मामा, तुला प्राण्यापाखरांचं वेड, म्हणून तुझ्यासाठी आणली," तो म्हणाला. त्याच्या कचेरीतला एक सहकारी दर शनिवारी कायोटी आणि बॉबकॅटच्या शिकारीला जातो. कायोटी म्हणजे तिकडचा कोल्ह्या-लांडग्याचा भाऊबंद. बॉबकॅट म्हणजे आखूड शेपटीचं, आपल्या रानमांजरापेक्षा दांडगं मांजर. हा सहकारी यांच्या मागावर जात नाही, त्यांना बोलावून घेतो. ही शिट्टी त्याचीच भेट होती.

भाचा एकदोनदा त्याच्याबरोबर गेला होता. त्याने सगळं बारकाईने सांगितलं. पहाटे अंधारात एखाद्या झुडपाला पाठ लावून बसायचं. वारा आपल्या तोंडावर हवा, पाठीवर नको. शिट्टी काही सेकंद फुंकायची आणि मग गप्प राहायचं. कायोटी यायचा असला तर बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत येतो, कधी तर धावतच. पण जुना, शहाणा असेल तर सरळ येत नाही. लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. मांजराची तऱ्हा निराळी. ते अर्धा-पाऊण तास घेतं. दोन पावलं टाकतं, बसतं, बघत राहतं. कित्येकदा ते येऊन समोर बसलेलं असतं आणि बोलावणाऱ्याला पत्ताच नसतो. आता तर बॅटरीवरचे भोंगे निघाले आहेत. त्यांत शेकडो आवाज भरलेले असतात. भोंगा तीस-चाळीस पावलांवर ठेवायचा आणि आपण लांब बसून बटण दाबायचं. शेजारी पिसांचा एक झुबका थरथरत ठेवतात, म्हणजे आलेल्या जनावराचे डोळे तिकडे गुंततात. टेक्सासात या दोन्ही जनावरांच्या शिकारीला हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. कॅलिफोर्नियाने मात्र २०२०पासून बॉबकॅटची शिकार बंद केली. या शिट्ट्यांचा धंदा टेक्सासातच वाढला. गेल्या शतकाच्या पन्नाशीत मार्बल फॉल्स गावच्या बर्नहॅम बंधूंनी त्या घरोघर पोचवल्या.

शिट्टीतून आवाज निघतो तो जखमी सशाचा. ससा एरवी जवळजवळ मुकाच असतो. कुणाच्या तरी दातांत सापडला की मात्र तो लहान मुलासारखा किंचाळतो. ती किंकाळी ऐकून मांस खाणारं प्रत्येक जनावर कान टवकारतं, कारण तिचा अर्थ एकच: इथे कुणीतरी मरतंय, फारसे कष्ट न करता पोट भरेल.

भाचा गेल्यावर दोन दिवसांनी, संध्याकाळी मी गच्चीत उभा राहून ती शिट्टी फुंकली. आमचं घर काकोरीच्या बाजूला, शहर जिथे संपत येतं तिथे आहे. पलीकडे आंब्याच्या बागा सुरू होतात. पहिल्या फुंकरीला सातभाई पक्ष्यांचा थवा कलकलाट करत कुंपणावर उतरला. मागोमाग दोन कावळे आले. रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहिली. मी तिसऱ्यांदा फुंकणार तेवढ्यात शेजारचे गृहस्थ खालून ओरडले, "भाईसाहब, उधर शेर घूम रहा है और आप इधर ख़रगोश बुला रहे हैं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्यापासून थोड्याच अंतरावर रहमानखेडा आहे. आंब्यावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेचं विस्तीर्ण आवार आणि त्याला लागून झाडी तिथे आहे. त्या आवारात डिसेंबरपासून एक वाघ येऊन राहिला होता. मी शिट्टी खिशात टाकली. खाली उतरलो तेव्हा जिन्याच्या पायरीवर एक हडकुळी करडी मांजरी बसली होती. आमच्या दारात तिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खिशाकडे बघत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण वाघाचं नव्हतं. या आवाजाशी माझी जुनी ओळख आहे.

माझी आजी रत्नागिरीची. वडिलांच्या नोकरीपायी ती लखनौला आली आणि बरोबर कोकणातली भुतंही घेऊन आली. तिचा एक नियम आम्हा भावंडांना पाठ होता. रात्री कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारेल. चकवा असेल किंवा आणखी कुणी, तर त्याला तिसरी हाक मारता येत नाही. आम्ही हसायचो. तरी रात्री अंगणातून कुणी बोलावलं की मनातल्या मनात मोजायचोच.

सुट्टीत आम्ही मलिहाबादकडे वडिलांच्या ओळखीच्या एका दशहरीच्या बागेत जायचो. तिथे एक म्हातारे राखणदार होते. सगळे त्यांना चचा म्हणत, आम्हीही म्हणायचो. बाग मोहरल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत त्यांचा मुक्काम झाडाखालच्या खाटेवर. माकडं, पोपट, वटवाघळं आणि कोल्हे या सगळ्यांशी त्यांचं भांडण होतं, आणि ओळखही. पडलेला पिकला आंबा कोल्ह्याला फार आवडतो. आपल्याकडे कोल्हा काकडीला राजी म्हणतात, तिकडे तो दशहरीला राजी असतो.

चचांनी मला कोल्हा बोलवायला शिकवलं. शिट्टी नाही, काही नाही. हाताची मूठ वळायची, तिच्या मागच्या बाजूला ओठ घट्ट टेकवायचे आणि हवा आत ओढायची. चिरका, तुटक, ओला आवाज निघतो. हळू ओढली तर उंदराचा, जोरात ओढली तर सशाचा. मला ते जमायला एक अख्खा उन्हाळा लागला. पहिल्यांदा कोल्हा आला तेव्हा चचा माझ्या शेजारीच होते. नाल्याच्या काठाने तो वळसा घालून आला, वीस पावलांवर थांबला, नाक वर केलं. चचांनी टाळी वाजवली. तो नाहीसा झाला. चचांच्या लेखी खेळ तेवढाच होता. बोलवायचं, बघायचं आणि टाळी वाजवून सोडून द्यायचं. ते कोल्ह्यांना असंच भिववून बागेबाहेर ठेवत. म्हणायचे, दोन-तीनदा फसला की तो या बागेचं नाव घेत नाही.

१९७६ साली मी तेरा वर्षांचा होतो. एप्रिल संपत आला होता, झाडांखाली कैऱ्यांचा सडा पडत होता. बागेच्या ठेकेदाराचा मेहुणा शहरातून आला होता. त्याच्याकडे बारा बोरची बंदूक होती. वन्यजीव संरक्षण कायदा होऊन चार वर्षं झाली होती. पण दिल्लीत झालेला कायदा मलिहाबादच्या बागांत पोचायला वेळ लागतो. चचा त्या दिवशी गावात गेले होते. कुणीतरी मेहुण्याला सांगितलं की या मराठी पोराला कोल्हा बोलावता येतो.

त्याने मला विचारलं, "सच में बुला लेते हो?"

मी हो म्हणालो. त्या 'हो'मध्ये किती फुशारकी होती ते आजही आठवतं.

दिवस मावळताना आम्ही नाल्याच्या कडेला बसलो. मी मूठ ओठांना लावली. दुसऱ्या आवाजालाच ती आली. वळसा नाही, वास घेणं नाही. सरळ, उघड्यावरून, धावत. शिकारी जनावर इतकं बेसावध येत नाही हे चचांनी मला शिकवलेलं होतं, तरी मला काही उमगलं नाही. बार झाला. जवळ गेलो तेव्हा तिच्या पोटाशी दुधाने भरलेले सड दिसले. भुकेल्या पिल्लांसाठी ती दिवसाउजेडी, सगळं शहाणपण सोडून, सशाच्या आवाजावर आली होती.

मेहुण्याने तिला तिथेच टाकलं. कोल्ह्याचं काय करायचं असतं? तो फक्त नेम बघत होता.

त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री नाल्याच्या भगदाडातून बारीक कुईकुई ऐकू येत होती. तिसऱ्या रात्री आली नाही. पिल्लांना दुसरी मादी किंवा त्यांचा बाप घेऊन गेला असेल, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. कोल्ह्याची नर-मादी जोडीने पिल्लं वाढवतात आणि आधीच्या वेतातली मोठी पोरंही कधी कधी मदतीला राहतात, हे मी नंतर पुस्तकांत वाचलं. ते वाचताना मी काय शोधत होतो, तेही मला ठाऊक आहे.

चचा परत आले. त्यांना सगळं कळलं होतं. ते माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले. मारलं कोणी, असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं एवढंच, "बुलाया किसने था?"

मी काही बोललो नाही. त्यानंतर त्यांनी मला कुठलाही आवाज शिकवला नाही. रागावलेही नाहीत. आंबे पूर्वीसारखेच बाजूला काढून ठेवत.

आजीचा नियम ओ देणाऱ्यासाठी होता. हाक मारणाऱ्यासाठी काय नियम आहे, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. चचांच्या त्या तीन शब्दांत तो होता, पण मला तो ऐकू यायला फार वर्षं लागली.

मधल्या काळात मी या विषयावरचं जे मिळेल ते वाचलं. जिम कॉर्बेटने मारलेली शेवटची नरभक्षक, ठाकची वाघीण, त्याने आवाज देऊनच मारली. नोव्हेंबर १९३८मधली गोष्ट, शारदा नदीच्या खोऱ्यातली. वाघीण नर शोधत होती. कॉर्बेटने नराचा आवाज काढला, ती उत्तर देत देत जवळ आली, आणि दिवसाचा शेवटचा उजेड उरला असताना त्याने गोळी घातली. तिने माणसं मारली होती, गावं ओस पडली होती. त्याने केलं ते मला चूक वाटत नाही. तरी ते वाचताना माझ्या मनात येतं, तिने शेवटपर्यंत ओ दिली ती जोडीदाराला.

आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१८मध्ये अवनी म्हणून ओळखल्या गेलेल्या टी-१ वाघिणीसाठी जंगलात परदेशी अत्तर शिंपडलं गेलं, दुसऱ्या वाघिणीचं मूत्र वापरलं गेलं. वासही एक हाकच. २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मेली. मागे तिचे दोन बछडे होते. ती बातमी मी लखनौत मोबाइलवर वाचली आणि पटकन बंद केली. २०२४च्या पावसाळ्यात इथून तीन तासांवरच्या बहराइच जिल्ह्यात लांडगे मुलांना उचलून नेत होते. तेव्हा वनखात्याने रंगीत बाहुल्या लहान मुलांच्या मुतात भिजवून नदीकाठी ठेवल्या. लोक हसले. मला हसू आलं नाही. ज्यांची मुलं गेली त्या आया त्या बाहुल्यांकडे कशा बघत असतील, हेच डोक्यात येत राहिलं.

आणि विदर्भातले फासेपारधी! तित्तिराची, लाव्याची हुबेहूब साद घालणारा पारध्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नाही. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. तो कायदा १९५२मध्ये गेला, शिक्का अजून पुरता गेलेला नाही. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलाकडेला आता पारधी तरुण पाहुण्यांना पायी रानात फिरवतात आणि पाखरांचे आवाज काढून दाखवतात. विद्या तीच, पण बोलावल्यावर पुढे काय करायचं ते बदललं.

आपण सगळेच आता खिशात हाक घेऊन फिरतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी कुकरैलच्या जंगलात नवरंग पाहायला गेलो होतो. तो पावसाच्या तोंडावर विणीसाठी इकडे येतो. दिसेना, म्हणून मोबाइलवर त्याची शीळ लावली. तो आला, अगदी समोरच्या फांदीवर. मी फोटो काढले, पुन्हा शीळ लावली, तो पुन्हा आला. आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा नर शोधत तो अर्धा तास त्या झुडपाभोवती फिरत राहिला. चारा नाही, काही नाही. मी मोबाइल बंद केला तरी तो शोधतच होता. तेव्हा चचांचा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला. बंदूक नव्हती म्हणून मी स्वतःला निर्दोष समजत होतो. आपल्या कायद्यातही शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. सापळा लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. फोटोसाठी शीळ वाजवणं त्यात बसतं की नाही ते वकील सांगतील. मला माझ्यापुरतं कळलं होतं.

रहमानखेड्याचा वाघ ही या बाबतीतली मी जवळून पाहिलेली शेवटची गोष्ट. २०१२मध्येही तिथे एक वाघ आला होता आणि शंभराहून जास्त दिवसांनी सापडला होता. या खेपेला सुमारे तीन महिने लागले. ड्रोन फिरले, झाडांना कॅमेरे बांधले, दुधव्याहून दोन हत्तिणी आल्या, मचाणं बांधली. आणि रेडकं बांधली. त्यांना तिकडे पड़वा म्हणतात.

फेब्रुवारीत मी ओळखीच्या एका बागवानाकडे गेलो. झाडं मोहरावर आली होती, फवारणीचे दिवस होते आणि मजूर यायला तयार नव्हते. पोरांना शाळेत एकटं सोडत नव्हते. अंधार पडायच्या आत दारं लागत. चहाच्या टपरीवर एकच विषय. कुणी म्हणे वाघिणीचा आवाज भोंग्यावर वाजवणार आहेत, कुणी म्हणे मूत्र आणलंय. एक म्हातारा सगळ्यांचं ऐकून म्हणाला, "आवाज़ की क्या ज़रूरत? पड़वा रात भर खुद ही बुलाता है।"

खरंच होतं. संध्याकाळी परत येताना मला ते रेडकू लांबून ऐकू आलं. दोरीला बांधलेलं, आईपासून तोडलेलं. ते आपल्या आईला हाक मारत होतं आणि ती हाक दुसऱ्याच कुणासाठी होती. अशी कितीतरी जनावरं त्या तीन महिन्यांत गेली. त्यांचा हिशोब कुणी मांडणार नाही, मीही मांडलेला नाही. त्यांच्या जागी बागेतली बाई किंवा शाळेतून येणारं पोर सापडलं असतं, हेही तितकंच खरं.

५ मार्च २०२५ रोजी वाघाला भुलीचा बाण लागला. त्याला दुधव्याकडे नेलं. बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी एकमेकांना मिठाई दिली. शेजारचे गृहस्थ पेढा घेऊन आले आणि म्हणाले, "अब आप आराम से ख़रगोश बुलाइए।" मी पेढा घेतला.

त्या तीन महिन्यांत वाघाला बोलावणाऱ्यांना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवावी लागली होती: आला तर पुढे काय? पिंजरा कुठला, डॉक्टर कोण, बाण कुठून, गाडी कुठली, सोडायचा कुठे. त्यात चुका झाल्या असतील, उशीर तर झालाच. पण बोलावण्याच्या आधी पुढचा विचार होता. मलिहाबादच्या नाल्याकाठी माझ्याकडे तो नव्हता. टेक्सासातल्या त्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही, त्याचं रान वेगळं, त्याच्या गोठ्यातली वासरं वेगळी. मी फक्त एवढंच म्हणेन की हाक मारणं ही अर्धी क्रिया आहे. समोरचा ओ देतो तो भुकेने, एकटेपणाने, पिल्लांच्या काळजीने, हद्दीच्या अभिमानाने. तो जे काही घेऊन येतो, त्याला आपण बांधील असतो.

मेमध्ये भाच्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, ती शिट्टी वाजवलीस की नाही?"

"एकदा वाजवली."

"आलं का कुणी?"

"आली ना. मांजरी आली."

"मग?"

"मग काय, दूध घातलं. आता रोज येते. तीन पिल्लं झाली आहेत तिला, जिन्याखाली."

तो हसला. म्हणाला, तिकडे अशी गोष्ट सांगितली तर कुणाचा विश्वास बसणार नाही. शिट्टी अजून त्याच डबीत, कपाटाच्या वरच्या खणात आहे. कधी कधी रात्री बागांच्या बाजूने कोल्हेकुई उठते. मी उठून गच्चीत जातो. एकाने सुरुवात केली की दुसरा ओ देतो, मग तिसरा. मूठ ओठांपर्यंत जाते, सवयीने. मी ती तशीच खाली घेतो आणि त्यांचं त्यांच्यातलं बोलणं संपेपर्यंत उभा राहतो.